सासूने दिलेला सुनेचा कफ

मैत्रिणींनो, पालघरच्या दवाखान्यात मी रक्त-कफ तपासते; आज तिथे मी डॉक्टरांशी भांडले.

सातपाटीच्या एका सुनेचा न्यूमोनिया पेनिसिलिनला दाद देईना. तपासायला कफ मागवला, तर डबीत नुसती लाळ! सासू म्हणाली, "मीच थुकले. सासऱ्यासमोर सून थुकत नाय, बाय. घर तं एकच हाय!"

डॉक्टर हसले. "बीएस्सी झालात म्हणून सगळ्यांना खोकायला लावणार का? इंजेक्शनं चालू ठेवू."

"हो, लावणार," मी म्हटलं. सासऱ्याला बाहेर पाठवलं आणि सुनेला पोटातून खोकायला लावलं. तो कफ काचेवर पसरून रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे लाल जंतू! नुसत्या पेनिसिलिनवर ती जगली नसती.

डॉक्टरांनी औषध बदलून क्षयाचं सुरू केलं.

तुमच्या घरी काय चालतं, सांगा. आजारी बाईला मोकळेपणी खोकताही येऊ नये, ही कसली मर्यादा?