बाबा काय सांगत होते

लेकीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून वारंगा फाट्यावर गाड्या धुणाऱ्या मित्राकडून मी त्याचं प्रेशरचं मशीन आणलं आणि घराची पुढची भिंत धुवायला काढली. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, पण लकव्यानं त्यांची वाचा आणि उजवं अंग गेलं होतं.

लोखंडी स्टुलावर उभा राहून मी फवारा मारत होतो. शेवाळ भराभर निघत होतं. तेवढ्यात बाबा डावा हात उचलून भिंतीकडं दाखवू लागले.

"व्हय बाबा, तिथलं बी काढतो," मी ओरडलो आणि फवारा तिकडंच वळवला. तिथं मीटरचा बोर्ड होता.

ठिणगी उडाली, जोराचा झटका बसला आणि मी खाली फरशीवर आदळलो. मशीन बंद पडलं. मनगट मोडलं होतं, कंबर धरली होती, उठताच येईना. बाबांनाही उठता येईना. ते नुसते "अं... अं..." करत माझ्याकडं बघून रडत होते.

बायको आणि लेक बाजारातून येईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

पाहुणे आले तेव्हा माझा हात गळ्यात होता आणि भिंत अर्धीच धुतलेली होती.