रंगावर बसवलेली काळी तार

गाडीतल्या रेडिओची काळी तार मी रंगावर बसवली. पत्र्याचा रंग खरवडायचा, खालचं लोखंड चकाकलं की मगच बोल्ट आवळायचा, ही यातली पहिली यत्ता. मी न खरवडताच आवळला. दातओठ खाऊन आवळला आणि वर त्या कामगिरीचा फोटो काढून माझ्या मित्राला, अरविंदला पाठवला. फोटोत बोल्ट कमी आणि माझा अंगठाच जास्त आला होता.

अरविंद गेल्याचं कळलं तेव्हा मी माजिवड्याच्या पुलाखाली अडकलेलो. नलूवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "गेले," एवढंच म्हणाल्या. डॅशबोर्डखाली रेडिओ नुसता खरखरत होता... आणि शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला ठाऊक नाही, मी रेडिओचा माइक उचलला आणि अरविंदला हाक मारायला बटण दाबलं. रेडिओ नेहमीसारखा खट करून बंद पडला. मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवत राहिला.

हॅम रेडिओ हा हौशी लोकांचा उद्योग. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि मग बिनतारी संचावरून जगाशी बोलायचं. बटण दाबलं की आपण बोलणार, सोडलं की समोरचा. आमची ओळख त्या परीक्षेतच झाली. मोर्सच्या टिकटिकीत तो पास आणि मी नापास, कारण परीक्षक मध्येच खोकले तेसुद्धा मी अक्षर समजून उतरवून घेतलं होतं. पुढच्या खेपेला त्यानेच मला घोकून घेतलं. तेव्हापासून तो कोपरला तिसऱ्या मजल्यावर, गच्चीत अँटेना उभारून, आणि मी कामावरून वर्तकनगरला परतताना गाडीत, अशा आमच्या संध्याकाळच्या गप्पा चालू झाल्या. जग वगैरे राहिलं बाजूला. त्याच्या सोसायटीचा पाण्याचा पंप, माझे गुडघे, आणि डोंबिवलीत चांगली अळूवडी कुठे मिळते, यावर आम्ही वर्षानुवर्षं हवेतल्या लहरी खर्च केल्या.

मग त्याची फुप्फुसं आखडत गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. फोन केला की वहिनी उचलायच्या, "झोपलेत" म्हणायच्या. रेडिओवर मात्र तो ठरल्या वेळी हजर असायचा. वाक्यं छोटी झाली होती, मधे थांबायचा, पण आवाजात तोच माज. त्याला माझा आवाज अधिक स्वच्छ जावा म्हणून मी जास्त ताकदीचा नवा रेडिओ घेतला. कारागीर कशाला, मी आहे की! म्हणून स्वतःच बसवला.

तेव्हापासून माझं बोलणं बंद झालं. ऐकायला हा रेडिओ चिमूटभर वीज घेतो, बोलायला लागला की घटाघटा पितो, आणि काळ्या तारेने पत्र्यातून परत जायची तेवढी वीज त्या रंगातून जाईना. अरविंदचा शब्दन् शब्द यायचा, मी बटण दाबलं की खट, अंधार. पण बंद पडण्याआधीचं ते खट त्याच्याकडे पोचायचं.

"आलं रे, तुझं खट आलं," तो म्हणाला. "आता मी विचारतो. हो असेल तर एकदा दाब, नाही तर दोनदा."

तर असा आमचा तपास चालला. तिकडे आजारी वैद्य, इकडे मुका रोगी. फ्यूज बघितलास? खट. बॅटरीची टोकं साफ केलीस? खट. लायटरच्या सॉकेटमधून तर नाही ना वीज घेतलीस, गाढवा? खट, खट. काळी तार पत्र्याला घट्ट बसलीय?

या प्रश्नाला मी अभिमानाने एकदाच बटण दाबलं.

"बारा व्होल्ट मिळतायत?" खट. "बोलताना मोजलेस?" खट, खट. "अरे, गप्प असताना सगळेच ठणठणीत असतात. बोलायला लावून मोज." मग बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाला, "माझीपण तीच तक्रार आहे बघ. ऐकू सगळं येतं. बोलायला गेलं की सेट बसतो." आणि हसला. हो आणि नाही, एवढे दोनच शब्द होते माझ्यापाशी.

गाडीवाल्या मेकॅनिकने बॅटरी बदलायला सांगितली. मी बदलली. फरक शून्य. शेवटी अरविंदच म्हणाला, "गाडी खाली आण. मी बटण दाबतो, तू मीटर धर. तेवढं जमेल मला." गेलो. कपडे बदलून, केस विंचरून बसला होता. लिफ्ट नाही त्या इमारतीला. पहिल्या वळणावरच तो पायरीवर बसला, तोंड उघडं, डोळे भिंतीकडे. मी आणि वहिनींनी त्याला धरून परत वर नेलं. मीटर माझ्या खिशातच राहिला. दारात म्हणाला, "बोलताना... मोज." तीच शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा कोपरला गेलो. कशाला, ते मला विचारू नका. मीटर धरायचा तर बटण दाबायला दुसरं माणूस लागतं, आणि वहिनी आपण होऊन गाडीत येऊन बसल्या. "दाबू?" त्यांनी दाबलं, आणि साडेबारावरचा आकडा धाडकन नवावर आला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून दुसरं काळ्या तारेच्या बोल्टवर टेकवलं तेव्हा उरलेले व्होल्ट कुठे जातात ते दिसलं. बोल्ट काढला. खाली माझ्या गाडीचा निळा रंग, कारखान्यातून आला तसा.

मी कानशीने रंग खरवडत असताना वहिनी म्हणाल्या, "हे फोन का घ्यायचे नाहीत, माहितेय भावजी? फोनवर धाप ऐकू जाते. रेडिओवर बटण सोडलं की कुणाला काही कळत नाही. बटण सोडून धापा टाकायचे, मग दाबून तुमच्याशी भांडायचे. तुमचा बंद पडल्यापासून जिवाचा आटापिटा करून एकटेच बोलायचे."

मी त्या थांबण्याला त्याचा रुबाब समजत होतो.

बोल्ट आवळला. वहिनी वर गेल्या. त्याचा सेट त्यांनी अजून बंद केलेला नव्हता. खिडकीतून त्याची खरखर खाली ऐकू येत होती. मी बटण दाबलं. रेडिओ बंद पडला नाही. वरची खरखर एकदम थांबली, माझ्यासाठी सगळी हवा मोकळी झाली... आणि त्याच्याशी बोलायचं म्हणून इतके दिवस साठवलेलं, त्यातलं एकही वाक्य सापडेना. बराच वेळ मी बटण दाबून बसलो होतो.

मग गॅलरीत वहिनी आल्या. मी खिडकीतून मान काढून ओरडलो, "येतंय का?"

"स्वच्छ येतंय," त्या वरून म्हणाल्या. "रडताना बटण सोडायचं असतं, भावजी. एवढी वर्षं यांच्याशी बोललात, आणि एवढंही शिकला नाहीत?"