chmod च्या ओळीतलं राहून गेलेलं शून्य

"माझ्या हातून एक माणूस मेलाय," असं मिलिंद पहिल्या ओळखीतच सांगून टाकायचा.

लोक हसायचे. जाड चष्मा, इस्त्रीचा शर्ट, महाडच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवणारे सर. हा कसला माणूस मारतोय!

मी नाही हसायचे. मी तिथे होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी अकाउंट्सला, मिलिंद प्रोग्रामर. नवंकोरं युनिक्स मशीन आलेलं. एक टर्मिनल आमच्याकडे, एक प्लँटमध्ये.

प्लँटचे ऑपरेटर तासातासाला केटलचं, म्हणजे रसायन तापवायच्या मोठ्या बंद भांड्याचं, टेंपरेचर त्यावर टाईप करायचे. पुढच्या शिफ्टने ती फाईल उघडून बघायची. कागदी रजिस्टर साहेबांनी मोठ्या तोऱ्यात बंद करून टाकलं होतं.

मग कुणीतरी त्या आकड्यांत मागाहून फेरफार करायला लागलं. मिलिंद भडकला. म्हणाला, "थांब, परवानग्याच आवळतो."

युनिक्समध्ये प्रत्येक फाईलच्या तीन परवानग्या असतात. मालकाला काय करता येईल, त्याच्या ग्रुपला काय, आणि बाकी जगाला काय. इथे मालक म्हणजे ऑपरेटरांचं लॉगिन, ग्रुप म्हणजे बाकीचा प्लँट, आणि बाकी जग म्हणजे आम्ही ऑफिसवाले.

प्रोग्राममधून chmod हा कॉल करून त्या बदलता येतात. त्याला द्यायचं होतं 0644. म्हणजे मालकाने लिहावं, वाचावं. बाकीच्यांनी फक्त वाचावं.

त्याने लिहिलं 644.

रोज कमांड टाईप करताना पुढचं शून्य लागत नाही, तीच हाताची सवय. पण C भाषेतल्या प्रोग्राममध्ये ते शून्य गेलं की मशीन त्याच आकड्याचा भलताच अर्थ काढतं.

मालकाला लिहिता येतं, पण स्वतःचंच वाचता येत नाही. ग्रुपला काहीच नाही. आणि ज्याचा काडीचा संबंध नाही, तो खुशाल वाचतो.

सकाळभर ऑपरेटर आकडे टाकत राहिले. लिहिता येत होतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

दुपारी शिफ्ट बदलली. नव्या सुपरवायझरने फाईल उघडली. Permission denied.

"बोंबलला परत कॉम्प्युटर!" म्हणाला, आणि रोजच्या अंदाजाने केटल तापवण्यासाठी स्टीम सोडायला सांगितली. सकाळचे लोक एसटी पकडून गेलेले. डायलवर आत्ताचा आकडा दिसतो हो, सकाळपासून तो कसा चढत आलाय ते दिसत नाही.

केटलपाशी बाळाराम होता. पोलादपूरकडचा, आंबेनळी घाटाच्या अलीकडच्या वाडीतला. गप्प माणूस.

केटल फुटली, तो आवाज आम्हाला ऑफिसात ऐकू आला.

संध्याकाळी मिलिंद माझ्याकडे आला. "नलू, तुझ्या टर्मिनलवरून उघड बरं ती फाईल."

लगेच उघडली.

एकाखाली एक आकडे. प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा मोठा. माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्याने सगळे वाचले.

"प्लँटला दिसेना, आणि तुला दिसतंय?" म्हणाला आणि तिथेच आपला प्रोग्राम उघडून chmod ची ओळ बघितली. त्याला कळलं होतं.

चौकशीत सगळं बाळारामच्या माथी मारायचं ठरलेलं. मिलिंदने भर मीटिंगमध्ये आपली ओळ दाखवली. साहेब हळूच म्हणाले, "अरे, ते शून्य कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय, सर."

नोकरी गेली.

मग बाळारामच्या बायकोला, इंदूबाईला, सांगायला आम्ही दोघं गेलो. अंगणात उभं राहून याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तांब्याभर पाणी आणून पायरीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. "आत ये" म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत मी तणतणत होते. "चवदार तळ्याच्या गावचा तू, बौद्धवाडीतला! आणि तिच्या अंगणात उभ्याने पाणी पितोस? जात बघूनच बाहेर ठेवलं तुला तिने!"

"असेल. किंवा मी तिचा नवरा मारला म्हणून ठेवलं असेल," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने विचारू?"

त्यानंतर दर वर्षी त्याच दिवशी तो तिथे जायचा. अंगणात बसायचा, पाणी प्यायचा, परत यायचा. आल्यावर मी एकच विचारायचे, "म्हणाली का आत ये?"

"नाही."

क्लासमध्ये परवानग्यांचा धडा आला की शिकवता शिकवता गप्प व्हायचा. पोरांना वाटायचं, सर विसरले. विसरतोय कुठला! त्याला ते आकडे ओळीने पाठ होते. आजारपणातसुद्धा पुटपुटायचा मेला.

शेवटी हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाला, "नलू, एकदा तरी आत बोलवायला हवं होतं गं तिने."

काल त्याच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला. इंदूबाई आली होती. पार वाकलेली, एकटीच, पोलादपूरहून एसटीने.

मला राहवलं नाही. तिथेच विचारलं, "एवढ्या वर्षांत एकदा आत घेतलं नाहीत त्याला. जात आड आली का?"

"पयल्या वर्साला व्हती. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "मंग नाय. मंग राग पन नाय रायला."

"मग बोलवायचं ना हो!"

तिने त्याच्या फोटोपुढचं घसरलेलं फूल सरळ केलं.

"आत घेतला असता तं त्याचं वझं उतरलं असतं, बाय. मंग तो कशाला येतोय परत? पोरं मुंबैला. ह्यांचं नाव काडनारा तो येकच व्हता. म्हनून दर साली अंगनातच बसवला."

म्हातारीला चार शब्द सुनावायचे होते मला. ते राहूनच गेले. दोघी रडत बसलो.

मिलिंद, तिचा राग कधीच गेला होता रे. तुला सांगितलं नाही, एवढंच.

श्रद्धांजली-बिद्धांजली मला लिहिता येत नाही. दमलास खूप. झोप आता.

नलू