वळलेली नाकाडं

डुकरांच्या त्या शेडवर तिला सगळे सुईण म्हणत. वीस वर्षांत हजारो पिल्लं तिच्या हातांवर जन्मली होती. शेड भावाची, पण पिल्लांच्या बाबतीत शब्द तिचा. एखादी मादी विताना गेली, की तिची पोरकी पिल्लं ती म्हातारीच्या कुशीत नेऊन ठेवायची. म्हातारी म्हणजे शेडमधली सगळ्यांत जुनी डुकरीण. दूध भरपूर, आणि स्वभावाने गाय.

त्या हिवाळ्यात पिल्लं शिंकायला लागली.

"धूळ आहे," भाऊ म्हणाला. तिलाही पटलं. पण ती शिंक एका कप्प्यात सुरू व्हायची, भिंत ओलांडून पुढच्या कप्प्यात जायची आणि शेडभर फिरून परत यायची, कोणी हजेरी घेत असल्यासारखी. मग पिल्लांच्या डोळ्यांखाली काळे ओघळ दिसायला लागले. पिल्लं खात होती, खेळत होती, आणि तरी प्रत्येकाच्या गालावर वाळलेल्या आसवांची रेघ. एका सकाळी भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रक्ताचे बारीक शिंतोडे होते. तिने एकेक पिल्लू उचलून पाहिलं. जखम कुणालाच नव्हती.

दोनेक महिन्यांनी ती भर दुपारी खाद्य घेऊन आत शिरली. सगळ्यांनी माना वर केल्या आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळे तिच्याकडे, नाकाडं मात्र भलतीकडे. कुणाचं डावीकडे वळलेलं, कुणाचं उजवीकडे, जणू तिच्या मागे दोन्ही बाजूंना कोणी उभं होतं. तिने वळून पाहिलंसुद्धा.

"दादा, धुळीनं नाक चोंदतं, वाकत नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "डॉक्टरांना बोलव."

डॉक्टरीणबाई आल्या. त्या सकाळीच एक पिल्लू मेलं होतं. बाईंनी त्याचं नाकाड करवतीने आडवं कापलं आणि कापलेला भाग उजेडात धरला.

"चांगल्या नाकात इथं पातळ हाडाच्या गुंडाळ्या असतात. कोवळं पान गुंडाळावं तशा."

इथे काहीच नव्हतं. नुसती दोन भोकं, रिकाम्या घरासारखी.

"हाड खाल्लं कुणी?" सुईणीने हळूच विचारलं.

"त्याच्याच शरीरानं. हाड बांधणाऱ्या पेशी असतात, तशा मोडणाऱ्याही असतात. एक जिवाणू आधी नाकाचं अस्तर सोलतो, शिंकेतून रक्त उडतं ते तिथलंच. मग दुसरा तिथं ठाण मांडतो आणि विष सोडतो. त्या विषानं बांधणाऱ्यांचे हात थांबतात आणि मोडणाऱ्यांना जोर चढतो. एका बाजूचं हाड जास्त गेलं, की नाक तिकडं वळतं."

"पण आलं कुठून?"

बाईंनी माद्यांच्या नाकातून बोळे फिरवून नमुने नेले. आठवड्याने उत्तर आलं. माद्यांमध्ये तो विषारी जिवाणू एकट्या म्हातारीच्या नाकात सापडला. तिला ना शिंक, ना ओघळ. ती पिल्लांना हुंगायची, चाटायची, आणि तेवढ्यात जिवाणूचं देणं होऊन जायचं. तिच्या कुशीतून परतलेली पोरकी पिल्लं ज्या ज्या कप्प्यात गेली, तिथे तिथे शिंक पोचली होती. नेऊन सोडणारे हात सुईणीचेच होते.

"तुला काय ठाऊक होतं," भाऊ म्हणाला.

म्हातारीला शेडमधून काढायचं ठरलं. सुईण स्वतः तिला गाडीपर्यंत घेऊन गेली. म्हातारीने सवयीने तिचा तळहात हुंगला. तिने तो मागे घेतला नाही. मग बराच वेळ साबणाने धुतला.

त्यानंतर गाभण माद्यांना लस सुरू झाली, कप्प्यांतली गर्दी कमी झाली, हवेसाठी भिंतीत झरोके पाडले. पुढची पिल्लं सरळ नाकांची निघाली. शेड इतकी शांत झाली, की पहिले काही दिवस तिला ती शांतताच सहन होईना.

वाकडी झालेली नाकं मात्र सरळ झाली नाहीत. गेलेलं हाड परत भरत नाही, असं बाईंनी सांगितलंच होतं. अरुंद भांड्यात त्या पिल्लांची तोंडं पोचत नसत. सुईणीने त्यांच्यासाठी पसरट, उथळ परात आणली, आणि पिल्लं एका बाजूने खात असताना दुसऱ्या बाजूचं खाद्य हाताने त्यांच्यापुढे सारत बसली.