गुडघे पाहणारे उस्ताद

नवा मुलगा समोर आला की आमचे उस्ताद त्याच्या तोंडाकडे पाहत नसत. ते खाली बसत, मुलाला दोनदा उठबस करायला लावत आणि त्याचे गुडघे निरखत. मग म्हणत, "नाव मंग सांग. आधी हे पाहू दे, आत झुकते का नाई."

चांदा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी त्या काळी गणित शिकवत असे आणि शाळेचे वेळापत्रकही करत असे. उस्ताद आमचे ड्रिल मास्तर. लढाईच्या वर्षांत ते पलटणीत अर्दली होते. हवाई छत्रीने उतरणाऱ्या शिपायांना आधी उंच फळीवरून उडी मारायला शिकवणाऱ्या एका तळावर त्यांची नेमणूक होती. उडी मारणे कोणालाही जमते, कठीण असते ते जमिनीवर येणे, एवढी एकच विद्या आपण तिथून आणली असे ते म्हणत.

ही विद्या आपणही समजून घ्यावी, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो एकाच दिशेने मिटतो. पाय जमिनीत रुतलेला असताना अंग फिरले, तर बिजागरी पिळली जाते. म्हणून उतरताना गुडघे वाकलेले हवेत, पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत, एकमेकांकडे झुकलेले नकोत. उस्ताद मुलांना बाकावरून उड्या मारायला लावत आणि स्वतः पाठ करून उभे राहत.

"मी पाहात नाई, आयकतो. आवाज आला का गेला तुमचा गुडघा. बिल्ली उतरते तं आवाज येते का?"

"उस्ताद, बिल्लीले चार पाय हायेत," सुकरू म्हणाला होता.

"म्हणून तुले दुप्पट मेहनत. चढ बाकावर!"

सुकरू हा आमच्या फुटबॉलच्या संघातला सर्वांत चपळ मुलगा. अकरा मैलांवरच्या एका खेड्यातून आलेला, घरी धानाची शेती, वय पंधरा. उस्तादांच्या शिकवणीची त्याने जितकी थट्टा केली तितकीच ती मनापासून गिरवली. त्याची उडी ऐकू येत नसे.

गावात मात्र या कवायतीचे हसू होत असे. शाळा समितीचे सेक्रेटरी एकदा मैदानावर आले आणि म्हणाले, "काऊन हो उस्ताद, पोरं फुटबॉल खेळून राह्यले का बेडूक बनून राह्यले?"

"साहेब, बेडकाचा गुडघा कधी मोडलेला पाह्यला का?"

सेक्रेटरी हसले नाहीत. पुढच्या महिन्यात उस्तादांचा अर्धा तास वीस मिनिटांवर आला. वेळापत्रकात ती दुरुस्ती मीच केली.

आमचे मैदान काळ्या मातीचे होते. अशी माती पावसाळ्यात फुगते आणि थंडीत आकसून फाटते. पौषात मैदानावर हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडत. उस्ताद नदीची वाळू आणि धानाचा कोंडा एकत्र करून त्या एकेक भेगेत भरत आणि टाचेने दाबत. जी भेग बुजायची राहिली असेल तिच्यात पळसाची काडी खोवून ठेवत, म्हणजे मुले तिथून वळून जात.

शाळेच्या संमेलनाच्या सामन्याला त्या वर्षी बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या खुर्च्या एका गोलाजवळ मांडायच्या होत्या. तयारीच्या कामांची यादी मी केली. तिसरे कलम असे होते: 'मैदानावरील काड्या-कचरा काढून खुर्च्यांपुढील भाग सारवणे.' आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे अंगण सारवायचे, हे कोणाला सांगावे लागत नाही. उस्तादांनी आदल्या दिवशी मला म्हटले होते, "मास्तर, गोलाजवळच्या काड्या राहू द्याजा. तिथल्या भेगा उद्या भरतो." मी मान डोलावली होती. मी तेव्हा बक्षिसांची नावे लिहीत होतो.

सामन्याच्या दिवशी सकाळी उस्ताद बैलबंडी घेऊन नदीवर वाळू आणायला गेले. इकडे सारवायला बोलावलेल्या बायांनी यादीप्रमाणे काड्या उपटल्या आणि शेणाचा दाट हात फिरवला. दुपारपर्यंत तो भाग खळ्यासारखा गुळगुळीत झाला. वरच्या पापुद्र्याखाली भेगा तशाच होत्या. फक्त त्या आता दिसत नव्हत्या.

उस्ताद परतले तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसलेले होते. बंडी तशीच सोडून ते सेक्रेटरींकडे धावत गेले.

"साहेब, एक तास द्या. मी चाचपून पाहातो, कुठी कुठी हाये ते."

"पाहुणे बसून राह्यले अन् तुम्ही जमीन चाचपता? तुमचं बेडूकपण उद्या करा."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. चार वाजायला पाच मिनिटे होती आणि सामना चारचा होता.

अर्धा खेळ झाल्यावर सुकरूने गोलासमोर उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने आत मारला. लोक ओरडले. तो खाली आला तो दोन्ही गुडघे वाकवून, सरळ, शिकवल्याप्रमाणे. पण उजवे पाऊल पापुद्रा फोडून भेगेत गेले, ते अडकले आणि अंग फिरले. उस्ताद त्याच्यापाशी बसले आणि पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत राहिले, "उतरला बरोबर होता. पोरगा उतरला बरोबर होता."

घरच्यांनी आधी हाड बसवणाऱ्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या. उस्तादांच्या आग्रहाने नंतर त्याला चांद्याला नेले. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आतला बंध तुटला आहे, त्याला इथे उपाय नाही. सुकरूच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "चिखलात नांगरामागं चालन का हा?" डॉक्टरांनी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला.

सुकरू शाळेत परत आला नाही. समितीने उस्तादांची कवायत बंद केली. "इतक्या उड्या मारून मोडलाच ना?" असे सेक्रेटरी म्हणाले. गणिताच्या माणसाने या तर्कातली चूक दाखवायला हवी होती. मी ती वीस मिनिटे शुद्धलेखनाला दिली. पुढच्या हिवाळ्यात आणखी दोन मुलांचे गुडघे गेले. तेव्हा दोष देण्याजोगी कवायतही उरली नव्हती.

उस्ताद दर रविवारी सायकलने सुकरूच्या गावी जात. त्याला दाराची चौकट धरायला लावून दुखऱ्या पायावर उभे करत आणि शंभरापर्यंत मोजत. "रोज कर. मांडी मजबूत झाली तं गुडघ्याले आधार होते," असे सांगत. पाय सुधारला का, असे मी विचारले की म्हणत, "होईल, मास्तर." दीड वर्ष ते हेच म्हणाले. मग आषाढात तापाने चार दिवसांत गेले.

ती बातमी कोणीतरी सुकरूला सांगायला हवी होती. मी गेलो तेव्हा बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धानाची रोवणी चालली होती. त्याचे वडील चिखल करत होते, बाया ओळीने रोवत होत्या, आणि सतरा वर्षांचा सुकरू बांधावर बसून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या त्यांच्याकडे फेकत होता. मी उस्तादांचे सांगितले. तो हातातली पेंडी पाण्यात बुडवत राहिला.

"गुरुजी, खरं सांगू? पाय तसाच हाये. पह्यल्या दिवशी होता तसाच. उस्ताद येत, म्हणून मी उभा राहो."

मी बांधावर त्याच्या शेजारी टेकलो.

"आता ते नाईत," तो म्हणाला. "तं सोडू का मंग उभं राह्याचं?"

बाया पऱ्ह्यांसाठी हाका मारू लागल्या. उत्तराची वाट न पाहता तो एक हात बांधावर टेकून उठला, पाय ओढत पुढच्या ढिगापर्यंत गेला आणि खाली बसला.