आप्पांचा अमेरिकन पुदिना

सोलापूर स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात असताना आप्पांनी खिडकीच्या गजांतून हात घालून माझं मनगट धरलं. बाकीच्यांचे वडील अशा वेळी पोचल्यावर फोन कर म्हणतात. आप्पा म्हणाले, "मल्लू, अमेरिकेत काय बी खा, काय बी पी. पन आपल्या सरबतात दारू पडली न्हाय पायजे. माझ्या गळ्याची शपथ घे." मी घेतली. समोरच्या सीटवरच्या बाईंनी आपली पिशवी माझ्यापासून जरा लांब सरकवली.

माझ्यासारखे जे निघून आले त्यांना आणि शुक्रवार पेठेत जे राहिले त्यांना, दोघांनाही मला हे सांगून टाकायचं आहे. पेठेत आमचं सरबताचं दुकान. कोपऱ्यावर परमिट रूम. तिथली गिऱ्हाइकं खिशात बाटली घालून आमच्याकडं यायची आणि पुदिना सरबताचा ग्लास अर्धाच भरा म्हणायची. आप्पा ग्लास परत घ्यायचे, काठोकाठ भरायचे आणि ते संपेपर्यंत गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे. धंद्याचा नियम त्यांना एवढा एकच ठाऊक होता. त्यामुळं शपथ घेताना मला काहीच वाटलं नाही. अमेरिकेत आपलं सरबत भेटणार कुठं?

सतरा वर्षं मी शपथ पाळली, कारण मोडायची सोयच नव्हती. मग नोकरीनं आम्हाला केंटकीत, लुईव्हिल नावाच्या गावात आणून टाकलं. तिथं मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी घोड्यांची मोठी शर्यत असते. त्या दिवशी गावातले पुरुष गुलाबी पँटी घालतात, बायका डोक्यावर परातीएवढ्या टोप्या घालतात आणि सगळे मिळून मिंट जुलेप पितात. पहिल्याच वर्षी साहेबांच्या घरच्या पार्टीत जुलेप करायचं काम नवा माणूस म्हणून माझ्याकडं आलं. साहेबांनी कृतीचा कागद दिला. साखरेचा पाक, पुदिना, चुरलेला बर्फ. इथपर्यंत ते आप्पांचंच सरबत होतं. चौथी ओळ होती बर्बनची, म्हणजे मक्याच्या तांबूस व्हिस्कीची.

कृती इतकी साधी आहे की पाप करतोय असं वाटतसुद्धा नाही. साखर आणि पाणी सारखं घ्यायचं, साखर विरघळली की गॅस बंद. तार येऊ द्यायची नाही. पुदिना कुटायचा नाही, कडवट होतो. पानं तळहातावर घेऊन एक टाळी मारायची, वास मोकळा होतो. बर्फ मी सोलापुरी टॉवेलात गुंडाळून लाटण्यानं फोडला. पाक, टाळी, बर्फ, सगळं आप्पांचं. वरून बर्बन ओतली ती मात्र माझी. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा ग्लास पुढं केले. एवढं छान कुठं शिकलास, असं साहेबांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, फॅमिली रेसिपी.

नेमका तेव्हाच आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. आमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे पहाटेचे चार, त्यांची पाकाची वेळ. माझी बायको सुनंदा मोकळ्या मनाची आहे. तिनं फोन सरळ माझ्याकडं फिरवला. समोर चाळीस ग्लास, प्रत्येकात पुदिन्याचा तुरा. आप्पांनी चष्मा चढवून फोन जवळ धरला. मग सरबत का म्हणून विचारलं. मी होय म्हणालो. रंग तांबूस कसा, असं विचारलं. मी म्हणालो, गूळ.

आप्पांनी डोळे पुसले. घोड्यांच्या शर्यतीला इथं सगळे हेच पितात, असं मी वर जोडून दिलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी दुकानाचा फोटो पाठवला. वर नवा फ्लेक्स. एका बाजूला उधळलेला घोडा, दुसऱ्या बाजूला माझ्या लग्नातला गॉगल लावलेला फोटो, आणि मधे "अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीत पितात तो अमेरिकन पुदिना, आता आपल्या पेठेत". सुनंदा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

फ्लेक्स लागला म्हणजे माल द्यायला हवा. दर रविवारी आप्पांचा फोन यायचा. गुळानं पुदिना काळा पडतोय, तुमी काय करता? मी म्हणायचो, गूळ गाळून घ्या. घशाला जरा झणका पायजे की? मी म्हणायचो, सुंठ टाका. पाच वर्षं मी मनाला येईल ते सांगत गेलो आणि पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस ते करून बघत गेला. इकडं दर मे महिन्यात मी साहेबांकडं बर्बन ओतत होतो. दारू पिण्याचं मला फारसं वाटत नव्हतं. पण टाळी मारताना दर वेळी आप्पांचे हात दिसायचे.

यंदा मी पार्टीला नाही म्हणालो आणि ऐन उन्हाळ्यात सोलापूरला आलो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आप्पांनी न विचारता ग्लास पुढं ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. सुंठेचा झणका, गुळाचा खमंगपणा, वर गार पुदिना. इतकं चांगलं सरबत मी आयुष्यात प्यालो नव्हतो.

"असंच लागतं न्हवं तुमच्याकडं?"

मी सगळं सांगितलं. बर्बनचं, चाळीस ग्लासांचं, गुळाचं. आप्पा फडक्यानं ओटा पुसत राहिले.

"सरबतात दारू घातलीस, का दारूत सरबत?"

मी विचार करून म्हणालो, दारू जास्त असते.

"मंजे दारूत सरबत. मग शपथ सुटली म्हन की."

मला हायसं वाटलं, ते अर्धा मिनिट टिकलं.

"आनि सुंठ?"

"ती मी मनानंच सांगितली, आप्पा."

ते स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पाच वर्षं मी हातात पुदिना घेतला की म्हनायचो, मल्लू बी तितं असंच करत असंल," एवढंच बोलले आणि रस्त्याकडं बघू लागले.

तेवढ्यात समोरच्या यंत्रमागावरचे नरसय्याकाका आले. रोजचं गिऱ्हाईक. बाकावर बसत म्हणाले, एक अमेरिकन. आप्पा उठले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

मी उठलो. गुळाचं पाणी घेतलं, सुंठ टाकली, टाळी मारली, बर्फ घातला आणि ग्लास काकांपुढं ठेवला. "काका, हे अमेरिकेत कुणी पीत नाही. मी थाप मारली होती. हे आप्पांनीच काढलंय, जगात फक्त हितंच मिळतं."

काकांनी ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं आणि मान वर करून फ्लेक्स वाचला. "मग तसं लिवा की वर. अमेरिकेचं काय, आता कुटं बी मिळतंय."

आप्पांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "घोडा काढू," म्हणाले, "पोरगा ऱ्हाऊ दे."

पहिल्यांदा सोलापूर सोडलं तेव्हा घर म्हणजे मला वाटायचं आपलं गाव, आपली भाषा, आपल्या हातचं खाणं. यातली भाषा आता फोनवर मिळते, खाणं लुईव्हिलच्या दुकानातसुद्धा पिशवीत मिळतं. आप्पांसमोर उभं राहून सगळं बोलून टाकल्यापासून माझा हिशेब वेगळा झालाय. ज्या एका जागी माझ्याबद्दल खोटं असं काही उरलेलं नाही, ते घर. तेवढी जागा आता शुक्रवार पेठेत आहे, सरबताच्या ओट्यापासून बाकापर्यंत, जेमतेम चार फूट.

बाकी सगळीकडं थोडंफार खोटं चालूच आहे. साहेबांचा अजून पक्का समज आहे की मला घोड्यांतलं कळतं.