रुखवतातला कूलर

हसू नका असं आधीच सांगून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तर ऐका.

माझ्या लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती, तोच आमच्या परतूरच्या घरात नणंदेचं, मंगलताईचं लग्न निघालं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या, "तुझा हात चांगलाय. रुखवताला कायतरी आगळं कर. अन् बोल गं जरा कधीतरी! घरात सून आणली का मांजर, कळंना झालंय."

मी मान हलवली.

रुखवतात मांडायला मी एक खोली करायला घेतली. बुटाच्या खोक्यातली. दुपारी सगळं घर कलंडलं की खोकं मांडीवर घ्यायची. काडेपेट्यांचा पलंग केला. गादीत आमच्याच शेतातला खराखुरा कापूस, उशी चिंचोक्याएवढी. पोस्टाच्या तिकिटावरचं फूल तसबीर म्हणून भिंतीवर लावलं. औषधाच्या पांढऱ्या खोक्याचा फ्रिज झाला. आणि खिडकीत कूलर! टूथपेस्टच्या नळीचा पत्रा कापून त्याची पाती केली, मागे वाळ्याच्या काड्या लावल्या, त्यावर थेंबभर पाणी सोडलं आणि नाक जवळ नेलं.

काय सांगू! डोक्यावर पत्रे तापून कडकड वाजताहेत, आणि मला आपला गार गार वास येतोय. एक डोळा मिटून खोक्यात बघितलं की मी आतच जायची. पलंगावर पडायची. मग 'हे' यायचे, शेजारी बसायचे, आणि आम्ही चक्क बोलायचो! कुणी खोकत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं.

खऱ्या घरात कुठलं असलं सुख? हे ओसरीवर मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या शेजारी झोपायचे. मी आत, आत्याबाई आणि मंगलताईच्या मधोमध. म्हणून तर त्या खोलीच्या दाराला मी केसांच्या पिनेची कडी केली. आतून.

लग्नाच्या दिवशी भोकरदनहून वऱ्हाड आलं. रुखवताभोवती बायांची ही झुंबड! नवऱ्यामुलाची मावशी चष्मा सावरत खोक्यापाशी वाकली.

आता आमच्याकडची एक गंमत. मोठ्या वस्तू मांडवात कुठं मांडायच्या, म्हणून काही घरांत रुखवतावर त्यांचा लहान नमुना ठेवतात. मागच्याच उन्हाळ्यात एका लग्नात खेळण्यातली मोटारसायकल मांडली होती, आणि खरी दारात उभी होती. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण ते खोकं करताना मी ह्या जगात होते कुठे?

"फ्रिज बी देऊ राह्यले का वं?" मावशींनी विचारलं. "अन् ह्यो कूलर?"

पाहुण्यांकडच्या वडीलधाऱ्या बाईला नव्या सुनेनं तोंडावर 'नाही' म्हणायचं? मी आपला पदर ओढला आणि खाली बघून हसले.

"लाजली बगा! म्हंजे देऊ राह्यले!"

झालं! बातमी जानवशाला पोचेतोवर तिच्यात पलंग आला, गादी आली, आणि खिडकीबाहेर मी रंगवलेलं कापसाचं शेतसुद्धा आलं!

नवऱ्यामुलाचे वडील हसत हसत आले आणि मामांना त्यांनी मिठीच मारली. "ईवाई, आमी कायबी मागितलं न्हाई, अन् तुमी येवढं देऊ राह्यले! टेंपो सांगून ठेवलाय बघा सामानाला."

फेट्याखाली मामांचा चेहरा पांढराफटक. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या सूनबाईनंच की!"

नाही म्हणावं तर मंगलताईला पहिल्या दिवसापासून टोमणे. हो म्हणावं तर मामांनी शेत विकायला काढावं. मंगलताई मुंडावळ्यांआडून माझ्याकडे बघत होती, डोळे काठोकाठ भरलेले. आत्याबाईंनी मला चिमटा काढला, "आता तरी तोंड उघड, बये!"

उघडलं. आणि आवाज असा फुटला, की सनईवाल्यानं सनई खाली ठेवली.

"ही खोली मंगलताईची न्हाई! मला पाहिजे! कूलरबी मलाच पाहिजे! ह्यांच्यासंगं बोलायला घरात जागाच न्हाई!"

हे तेव्हा पाहुण्यांना पाणी देत होते. पेला भरला, सांडला, पाहुण्याचं धोतर भिजलं, तरी ह्यांचा तांब्या वाकडाच.

सगळ्यांत आधी विहीणबाई हसल्या. "अगं माय! नवरीला न्हाई, हिलाच रुखवत पाहिजे होय!" मग मावशी हसली. मग अख्खा मांडव. व्याही डोळे पुसत म्हणाले, "ईवाई, टेंपो माघारी धाडतो. पर ह्या पोरीला आधी खोली द्या, मंगच अक्षता टाकू!"

"दिली!" मामा ओरडले. "कोठीची खोली दिली! टाका अक्षता!"

मंगलताईचं लग्न झकास लागलं. कोठीतली ज्वारीची पोती हलली, पलंग आला, दाराला कडी बसली. पहिल्या दुपारी आम्ही दोघं ती लावून पलंगावर बसलो. कवडशात धूळ तरंगत होती, ज्वारीचा गोडसर वास येत होता, बाहेर सगळं घर मुद्दाम लांब लांब वावरत होतं. आणि साऱ्या तालुक्यासमोर बोंब मारून मागून घेतलेल्या त्या खोलीत बोलायचं काय, तेच मला सुचेना! मी ह्यांच्याकडे बघतेय, हे भिंतीकडे बघताहेत.

बऱ्याच वेळानं ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले,

"लई उकडून राह्यलं. बाहेर बसायचं का?"